काका, हे घालायचं की ठेवायचं?

मे महिन्याच्या शेवटी माझ्या डायव्हर दोस्ताची लेक पुण्याहून उरणला आली. पिशवीतून तिने फरसाणाचा रिकामा डबा काढला, डब्यातून हातरुमालाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीतून तिच्या बाबांचं घड्याळ. रोलेक्स सी-ड्वेलर, रेफरन्स (म्हणजे मॉडेलचा नंबर) १६६००.

"काका, हे घालायचं की ठेवायचं? का विकून टाकू?"

तिचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. एका दुकानदाराने तिला साडेतीन लाख सांगितले होते. काटे ओरिजिनल नाहीत, काच बदललेली, बेझल (काचेभोवतीचं फिरतं कडं) खराब, तरी तुमच्यासाठी म्हणून देतो, असं वर ऐकवलंही होतं. मी म्हटलं, चार दिवस ठेवून जा माझ्याकडे. तिने डबा पुढे सरकवला आणि चहा न घेताच निघाली. बापासारखीच, एका जागी टेकायचं नाव नाही.

मी घड्याळांचा व्यापारी नाही. पंचवीस वर्षं समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रावरच्या डायव्हिंग जहाजांवर लाइफ सपोर्ट टेक्निशियन होतो. सॅच्युरेशनचे डायव्हर कामाच्या दाबाएवढ्याच दाबाच्या चेंबरमध्ये राहतात, तिथेच जेवतात, झोपतात, कधी कधी २८ दिवसांपर्यंत. पाण्यात जायचं तर बेलमधून, म्हणजे खाली सोडायच्या दाबबंद कोठडीतून, जायचं आणि बेलमधूनच परत यायचं. बाहेर पॅनलसमोर बसून त्यांना श्वासाला काय मिळतंय, आत किती गरम आहे, कोणाचं डोकं दुखतंय, हे बघणारा माणूस म्हणजे मी. आत हवा नसते, हेलियम आणि थोडा ऑक्सिजन असतो. हेलियममुळे सगळ्यांचे आवाज कार्टूनसारखे चिरके होतात. माझा हा दोस्त एरवी खर्जात बोलणारा माणूस. चेंबरमधून तो घरची चौकशी करायला लागला की बाहेर आम्हाला हसू आवरायचं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, सी-ड्वेलर हे घड्याळ पाण्यासाठी जेवढं आहे त्याहून जास्त त्या कोरड्या चेंबरसाठी आहे. घड्याळांच्या नादी लागलेल्या पुष्कळ लोकांना हेच ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, हेलियमचा व्हॉल्व्ह खोल पाण्यात उपयोगी पडतो. पाण्यात हेलियमचा घड्याळाशी काही संबंध नाही. दिवसचे दिवस हेलियममध्ये राहिलं की त्याचे बारीक अणू रबरी सीलमधून हळूहळू घड्याळात शिरतात. आत जाताना काही बिघडत नाही. बाहेर काढताना आम्ही चेंबरचा दाब उतरवायला लागतो. बॉम्बे हायला पाणी जेमतेम ७५ मीटर, तरी उतरवायला तीन-साडेतीन दिवस लागतात. तेवढ्यात घड्याळातला हेलियम पुरता बाहेर पडत नाही. आत दाब जास्त, बाहेर कमी, आणि काच उडते. मी स्वतः एकाच्या स्वस्तातल्या घड्याळाची काच उडालेली पाहिली आहे. पाहिली म्हणजे माइकवर ऐकली. टक्क, आणि मागोमाग चिरक्या आवाजात मराठी शिवी.

ही अडचण पहिल्यांदा ठळक झाली ती १९६०च्या दशकात, अमेरिकी नौदलाच्या सीलॅब प्रयोगांत, माणसं समुद्राच्या तळाशी राहायला ठेवली तेव्हा. तिथला डायव्हर बॉब बार्थ याचं नाव या गोष्टीशी जोडलं जातं. रोलेक्सने १९६७ साली व्हॉल्व्हचं पेटंट मागितलं. हा व्हॉल्व्ह म्हणजे घड्याळाच्या डाव्या बाजूला, नऊच्या आकड्याकडे, स्प्रिंगवर दाबून बसवलेली एकेरी झडप. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात वाढला की ती आपोआप उघडते, हेलियम सोडते आणि मिटते. पुढे फ्रान्समधल्या मार्सेच्या कोमेक्स या डायव्हिंग कंपनीच्या डायव्हरांनी ही घड्याळं वापरली. ज्यांच्या तबकडीवर कोमेक्सचं नाव छापलेलं आहे त्यांच्या किमती आज ऐकवत नाहीत.

पण आमच्या जहाजावर रोलेक्सवाला डायव्हर दहांत एक असेल नसेल. बाकीच्यांकडे सेइको नाहीतर कॅसिओ. सेइकोने १९७५ साली ६०० मीटरचं घड्याळ काढलं, त्यात व्हॉल्व्हच नव्हता. सील असं घट्ट केलं की हेलियम आत शिरूच नये. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं ते दाब उतरायला लागला की चावी उघडून ठेवायचे, झालं काम. शिवाय पाण्यात घड्याळ बघायला फुरसत कोणाला? अंगात गरम पाण्याचा सूट, हातात जाड मोजे, समोर गढूळ पाणी. वेळ आणि खोली दोन्ही वर सुपरव्हायजर सांभाळणार. माझ्या दोस्ताने १९९७ च्या सुरुवातीला सिंगापूरला हे घेतलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. दोन फेऱ्यांचे पैसे मनगटावर! तो म्हणाला, "तुझ्या चेंबरमध्ये दुसरं काय सोबतीला असतं रे? भिंत आणि तुझा आवाज."

तर आता घड्याळाकडे.

१६६०० हे मॉडेल साधारण १९८८-८९ पासून २००८-०९ पर्यंत चाललं. ४० मिलिमीटर, पाण्याखाली १२२० मीटरपर्यंतची पातळी, तारखेवर भिंग नाही. त्या भिंगाअभावीच मला हे रोलेक्सच्याच भिंगवाल्या सबमरीनरपेक्षा आवडतं. सपाट काचेखाली तारीख निमूट बसलेली असते, डोळे वटारून बघत नाही. याच्या जागी २००८ साली डीपसी आलं, ४४ मिलिमीटरचं, ३९०० मीटरवालं. ते मनगटावर घालून लोकलमध्ये चढलात तर शेजारचा माणूस जखमी होईल. २०१४ मध्ये पुन्हा ४० मिलिमीटरचं सी-ड्वेलर काढलं आणि २०१७ मध्ये बंद करून ४३ मिलिमीटरचं आणलं, तेही तारखेवर भिंग लावून. म्हणजे जुन्या मापाचं, साध्या चेहऱ्याचं सी-ड्वेलर हवं असेल तर वापरलेलंच शोधावं लागतं. किमती चढल्या त्यामागे हे एक मोठं कारण.

पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरला, भिंग लावलं आणि पट्टा उतरवला. या घड्याळाच्या शिंगांना, म्हणजे पट्टा अडकतो त्या चार टोकांना, आरपार भोकं आहेत, त्यामुळे पट्टा काढायला त्रास नाही. २००३ च्या सुमारास ही भोकं बंद झाली. पट्ट्याखाली बारा वाजण्याच्या बाजूला रेफरन्स, सहाच्या बाजूला त्या घड्याळाचा स्वतःचा नंबर. नंबर टी अक्षराने सुरू होणारा, म्हणजे १९९६ च्या आसपासचा. सिंगापूरच्या खरेदीच्या कागदाशी जुळला. नंबराची कोरीव अक्षरं धारदार होती, आम्लाने खाल्ल्यासारखी खरबरीत नव्हती. मागच्या झाकणाच्या कडेने 'ओरिजिनल गॅस एस्केप व्हॉल्व्ह' असं गोल कोरलेलं असतं, तेही स्वच्छ वाचता आलं. पॉलिशवाल्याने तिथे हात फिरवला असता तर ती अक्षरं आधी गेली असती.

सगळ्यात जास्त वेळ मी शिंगांवर घालवला, आणि जुनं घड्याळ बघणाऱ्या कोणालाही माझं हेच सांगणं आहे. काटे बदलता येतात, काच बदलता येते, तबकडीसुद्धा मिळते. घासून गेलेलं स्टील परत येत नाही. वर ब्रशची रेघ, बाजूला चकाकी, आणि दोन्हींच्या मधली कडा बोटाला जाणवली पाहिजे. चारही शिंगं समोरून सारख्याच जाडीची दिसली पाहिजेत. भोकं कडेपासून पुरेशी आत हवीत आणि त्यांचं तोंड वाटीसारखं पसरलेलं नको. दुकानात चकचकीत दिसणारं घड्याळ पुष्कळदा साबणाच्या वडीसारखं झिजवलेलं असतं, आणि आपले लोक त्या चकाकीलाच भुलतात. हे घड्याळ खरचटलेलं होतं. उजव्या बाजूला एक खोल चरा होता, बेलच्या झाकणाचा असणार. पण अंगाने भरलेलं होतं. पॉलिश फार तर एकदा, तेही हलक्या हाताने झालं असावं. दुकानदाराने दोषांची यादी वाचली तेव्हा याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काढणार कसा?

यादीतल्या बाकीच्या गोष्टी मात्र खऱ्या निघाल्या. तबकडीच्या तळाशी 'स्विस – टी < २५' असं बारीक छापलेलं आहे. टी म्हणजे ट्रिटियम, एक किरणोत्सारी पदार्थ. अंधारात चमकायला तेव्हा ते वापरत, १९९८ च्या सुमारास त्याची जागा ल्युमिनोव्हाने घेतली. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं होतं. तीसएक वर्षांत त्यातलं पाचव्या हिश्शाहून कमी उरतं, त्यामुळे आता ते अंधारात काही दाखवत नाही. उजेडात मात्र त्याला सायीसारखा पिवळसर रंग चढतो, आणि संग्राहक त्या रंगावर जीव टाकतात. मी नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारला. तबकडीवरचे ठिपके उजळले आणि टॉर्च बंद करताच विझले. काटे हिरवे चमकत राहिले, बराच वेळ. म्हणजे तबकडी ट्रिटियमची, काटे ल्युमिनोव्हाचे. उजेडात पाहिलं तरी काटे पांढरे आणि ठिपके पिवळसर, नव्या खिडक्या लावलेल्या जुन्या वाड्यासारखं. काचेवर सहाच्या खाली भिंगातून बघितलं तर डोळ्याला जेमतेम दिसणारा लेझरचा मुकुट आहे. तो २००२ च्या सुमारास यायला लागला, म्हणून काचही नंतरची.

मला आठवलं. २००४ साली दोस्ताने घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं होतं. परत आलं तेव्हा खूश होऊन म्हणाला होता, बघ, काटेसुद्धा नवे टाकून दिले. जुने काटे परत मागायचे असतात हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ते काटे पाकिटात घालून ठेवलेले असते तर पोरीला बरेच पैसे जास्त मिळाले असते. कोणाला जुनं घड्याळ दुरुस्तीला द्यायचं असेल तर पावतीवर लिहून घ्या: काढलेला प्रत्येक भाग परत हवा, तुटका असला तरी.

यंत्र ३१३५. २८,८०० ठोके ताशी, ३१ रत्नं. रोलेक्सने हे १९८८ पासून तीनएक दशकं वापरलं. फोनवरच्या ॲपने मोजलं तर दिवसाला सहा सेकंद पुढे, आणि चक्राचा झोका थोडा कमी. दोन वर्षं कपाटात पडून तेल सुकलेलं असणार. घाबरण्यासारखं नाही, पण सर्व्हिसिंगशिवाय रोज घालू नये. चावी ट्रिपलॉकची, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून आट्यांवर घट्ट बसणारी. आटे गुळगुळीत फिरले, कुठे अडकले नाहीत. पट्टा आडवा धरला तर थोडा झुकतो. इतक्या वर्षांच्या घामाने आणि खाऱ्या पाण्याने तेवढं होणारच. पट्ट्याच्या बकलमध्ये आतून वर्ष-महिन्याची खूण असते, तीही घड्याळाच्या वयाशी जुळली. बेझल एकाच दिशेने फिरतो, १२० टिचक्या, प्रत्येक नीट लागते. त्याची काळी पट्टी ॲल्युमिनियमची, उन्हाने राखाडी झालेली. आणि बाराच्या त्रिकोणात चमकणारा मोती असतो, तो गायब. त्या जागी एक गुलाबी ठिपका.

भिंगातून बघितला तरी उलगडा होईना. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं. ती आधी गप्पच. मग म्हणाली, "नेलपॉलिश आहे काका. सातवीत होते मी. बाबांचा मोती पडला म्हणून मीच लावलं होतं. त्यांनी पुसलं नाही?"

पुसलं नव्हतं. त्यानंतर तो किमान सहा-सात वेळा सॅच्युरेशनमध्ये गेला असेल.

पुढचे तीन दिवस मी ते घालून हिंडलो, कारण घातल्याशिवाय घड्याळ कळत नाही. बाजारात, करंजाच्या जेट्टीवर, घरी भांडी घासताना. साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास जाडी आहे, मागचं झाकण फुगीर आणि पट्टा त्या मानाने पातळ. त्यामुळे घड्याळ डोकं जड झाल्यासारखं मनगटावर इकडेतिकडे कलंडतं. पट्टा एक घर घट्ट केला की बरं बसतं, पण दुपारच्या उकाड्यात हात सुजला की रुततं. आजच्या घड्याळांत पट्टा जागच्या जागी सैल करता येतो, इथे ती सोय नाही. डायव्हिंग सूटवरून घालायची घडीची वाढीव कडी आहे, तिचा आपल्याला उपयोग नाही. फुलशर्टाच्या बाहीखाली मावत नाही. पण वाचायला सुरेख. मला चष्म्याशिवाय तारीख सोडून सगळं दिसलं. तारखेसाठी भिंग नको म्हणणाराही मीच, म्हणून तक्रार करत नाही. जेट्टीवर एका पोराने विचारलं, "काका, ओरिजिनल?" मी म्हटलं, नाही रे. बरं असतं तसं सांगितलेलं.

पाण्यात मात्र नेलं नाही. १२२० मीटर हा आकडा नव्या सीलचा. वीस वर्षांपूर्वीच्या रबरावर मी पावसाच्या सरीचासुद्धा भरवसा ठेवणार नाही, आणि चेंबरचे सील बदलण्यात उमेद घालवलेल्या माणसाचं हे ऐका.

मग पैशांचं. साडेतीन लाख ही लूट होती. चांगल्या अवस्थेतली १६६०० मी ज्या भावाने विकायला लावलेली पाहतो तो याच्या दुपटीच्या आसपास असतो. नंतरचे काटे, काच आणि मोती नसलेला बेझल यांसाठी त्यातून कापायचं, न घासलेल्या केसमुळे आणि सिंगापूरच्या कागदामुळे थोडं परत चढवायचं. हे मी तिला कागदावर मांडून दिलं. पट्टीचा संग्राहक हे घड्याळ पहिल्या रांगेत बसवणार नाही, कारण त्याला सगळं कारखान्यातून निघालं तसं हवं असतं. दुसऱ्या रांगेत आनंदाने घेईल.

आणि इथे मला राहवलं नाही, म्हणून तिला विचारलं, बाबांची लॉगबुकं कुठे आहेत? ती म्हणाली, माळ्यावर, आई रद्दीत देणार होती. मी म्हटलं, आजच्या आज खाली काढ. डायव्हरच्या लॉगबुकात प्रत्येक डाइव्हची नोंद असते: तारीख, जहाज, खोली, किती वेळ, खाली सुपरव्हायजरची सही आणि शिक्का. तिला सहा पुस्तकं मिळाली, आणि एकात खोचलेला फोटो. चेंबरच्या बंकवर बनियनमध्ये पडलेला तो, छातीवर हात, हातात हे घड्याळ. फोटो काचेच्या खिडकीतून काढलाय म्हणून धूसर आहे. बहुतेक मीच काढला असणार, रात्रपाळीत दुसरा उद्योग नसायचा.

जगातल्या बहुतेक सी-ड्वेलरांचा व्हॉल्व्ह आयुष्यात एकदाही उघडलेला नसतो. ती कचेरीत, लग्नात, विमानात फिरतात. या घड्याळाचा व्हॉल्व्ह किती वेळा उघडला असेल हे त्या सहा पुस्तकांतून जवळजवळ मोजता येईल. त्याचे जास्त पैसे मिळतात का? जाणकार गिऱ्हाईक भेटलं तर काही मिळतात. कोमेक्ससारखे नाही, भ्रमात राहू नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. पण लॉगबुकं आणि घड्याळ वेगळी केलीस तर दोन्हींचं मोल उतरेल, हेही सांगितलं.

जून लागला तशी ती पुन्हा आली, या वेळी चहाला थांबली. म्हणाली, विकायचं नाही सध्या. घालणार आहे, पण जड होतं हो. मी पट्ट्याच्या दोन कड्या काढून दिल्या, त्या पाकिटात घालून पाकिटावर तारीख लिहिली. भोकं असल्यामुळे कापडी पट्टाही सहज लागतो. तिला काळा आवडला, आणि वजन अर्ध्यावर आल्यासारखं वाटलं. मूळ पट्टा फेकू नकोस, एवढं बजावलं.

सर्व्हिसिंगला फोर्टातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी स्वतः घेऊन गेलो. पावतीवर माझ्या हाताने लिहिलं: सगळे सील बदलणे, दाबाची चाचणी, व्हॉल्व्ह तपासणे, तेलपाणी. केसला पॉलिश नको. काढलेले भाग परत. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "साहेब, जहाजाचं सामान बुक करताय का?"

दहा दिवसांनी त्याचा फोन आला. काम झालं, चाचणी पास झाली, व्हॉल्व्ह ठणठणीत आहे.

"बेझलवर काहीतरी गुलाबी लागलंय," तो म्हणाला. "थिनरने एका मिनिटात जाईल. आणि बारीक मोतीपण आहे माझ्याकडे, बसवून देतो. पैसे नको त्याचे."

"हात लावू नका," मी म्हटलं.

"अहो, पण कसं दिसतं ते!"

"असू दे. मी निघालोच. अकराच्या लाँचने येतोय."